एका सुताचा फरक

इतिहासातली प्रत्येक निर्णायक लढाई ही शेवटी अंतराची लढाई असते. घोड्याचं नाक आणि तोफेचं तोंड यांच्यामध्ये नेमकी किती जागा उरली, यावर राज्यं गेली आहेत, वंश बुडाले आहेत आणि शाळेतल्या मुलांना सनावळ्या पाठ कराव्या लागल्या आहेत. या गोष्टीतली जागा एक सूत होती, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि ती एका दोन खोल्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर होती.

टेबल मोजणीदाराचं होतं. तो भूमापन कार्यालयात नोकरीला होता. दिवसभर लोकांच्या जमिनी मोजायच्या, दोन सख्ख्या भावांमधली भिंत कुणाच्या बाजूला वीतभर सरकली ते सांगायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, हे त्याचं काम. वय चोपन्न. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं याची चौकशी करणारी माणसं एकेक करून थकली होती. आता एकटी थोरली बहीण उरली होती, आणि तीही हल्ली शनिवारच्या फोनवर लग्नाऐवजी रक्तदाबाबद्दल विचारत असे.

टेबलावर कायम युद्ध चालू असे. दोनशे वर्षांपूर्वी एका राजाला दुसऱ्या राजाची नदी हवी होती, अशा धर्तीचं. तो काळ निवडण्याचं कारण एवढंच की तेव्हाचे गणवेश रंगवायला छान होते. शिसं ओतून केलेले, बोटाच्या पेराएवढे शिपाई; भिंग लावून, तीन केसांच्या कुंचल्याने त्यांच्या कोटाची बटणंसुद्धा रंगवलेली. पुठ्ठ्याच्या चौकोनावर चार-चार जण चिकटवलेले. स्पंजाची झाडं, निळ्या कापडाची नदी. या सगळ्यामुळे मोजणीदार ओट्याशी उभं राहून जेवत असे. बहीण म्हणायची, घोडे टेबलावर आणि माणूस ओट्याशी, हे काही तिला बरं दिसत नाही. घोड्यांना हलवता येत नाही, असं तो सांगायचा. ते खरंही होतं. त्यांची चाल नव्हती.

बघणाऱ्याला हा खेळ वाटला असता, पण बघायला कुणी येत नव्हतं. खेळणाऱ्यांच्या लेखी तो कायदा होता. नियमपुस्तक मोजणीदाराने स्वतः लिहिलं होतं: त्रेसष्ट पानं, दोनशे चौदा कलमं, सातवी सुधारित आवृत्ती. पलटणीतला तिसरा हिस्सा पडला की फासा टाकून उरलेल्यांचं मनोधैर्य तपासायचं. चारच्या खाली पडला की ते पळाले. चिखलात चाल निम्मी. शत्रूच्या शिपायाला हात लावायचा नाही. शत्रूला अरे-तुरे करायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं कलम एकोणचाळीस: घोडदळाचा हल्ला आधी जाहीर करायचा आणि मग अंतर मोजायचं. पट्टी नंतर लावायची, अंदाज डोळ्यांनी करायचा. घोडे आठ इंच धावतात. शत्रू आठ इंचांत असेल तर गाठला. एक केसभर जरी लांब निघाला, तरी घोडे तिथेच, तोफेच्या तोंडापुढे, उघड्यावर उभे राहणार. तिथेच घोडं पेंड खायचं, आणि पुढच्या पाळीत मरायचं.

मंडळ स्थापन झालं तेव्हा सभासद सात होते. एकाची बदली झाली. एकाने टोपीवरच्या तुऱ्याच्या रंगावरून राजीनामा दिला, आणि दुसऱ्याने तो राजीनामा स्वीकारला गेला म्हणून दिला. एकाचं लग्न झालं. बायकोची काही हरकत नव्हती, पण त्यालाच आता घरी करमायला लागलं. एक जण नुसता यायचा बंद झाला, त्याची आठवण बराच वेळ कुणालाच आली नाही. उरले दोघं. नियमात दुरुस्ती करायला बहुमत लागत असे, आणि दोघांत बहुमत होणं अवघड. म्हणून समसमान मतं पडल्यास अध्यक्षाचं मत निर्णायक, आणि ज्याच्या घरी लढाई तो अध्यक्ष, अशी तरतूद मोजणीदाराने केली. लढाई कायम त्याच्याच घरी होत असे. लोकशाहीत अशा गोष्टी चालायच्याच.

दुसरे सभासद दातांचे डॉक्टर होते. साठीला टेकलेले, जाड भिंगाचा चष्मा, हळू बोलणारे. एकोणीस वर्षं ते दर रविवारी दहाला यायचे, खिडकीसमोरच्या खुर्चीत बसायचे, एकला उठायचे. त्यांचं सैन्य बहुतेक घोडदळाचं, मोजणीदाराचं तोफांचं. आणि डॉक्टरांना अंतराचा अंदाज म्हणून नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर बत्तीस दातांच्या पलीकडचं काही बघितलं नाही, त्याला आठ इंच म्हणजे परदेश. त्यांचा हल्ला कमी पडायचा. अर्धा इंच, पाव इंच, कधी कधी नखभर. मोजणीदार लाकडी पट्टी लावून गंभीरपणे सांगायचा, “कमी पडतंय.” डॉक्टर म्हणायचे, “बरं.” मोजणीदार ते वहीत लिहायचा. कोण कुणाला किती कमी पडलं याच्या त्याच्याकडे अकरा वह्या होत्या.

एका सोमवारी मोजणीदाराने कार्यालयातली पोलादी टेप घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी परस्पर मोजणीवर जायचं होतं, एवढंच कारण. ही टेप दरवर्षी तपासून तिच्यावर शिक्का मारला जातो. संध्याकाळी काही काम नव्हतं, म्हणून त्याने ती खेळातल्या लाकडी पट्टीशेजारी धरली.

पट्टी एक सूत आखूड निघाली. तिचं शून्याकडचं टोक एकोणीस वर्षं टेबलावर घासून झिजलं होतं. म्हणजे आठ इंच म्हणून आपण घोड्यांना जे देत होतो, ते पावणेआठ आणि वर एक सूत. हे त्याने तीनदा मोजलं. मग खाली बसला.

दुसरा कुणी असता तर त्याने नवी पट्टी आणली असती. मोजणीदाराने तीन दिवसांची किरकोळ रजा काढली आणि अकराही वह्या खाली घेतल्या. एक सूत किंवा त्याहून कमी अंतराने फसलेले हल्ले किती, ते शोधून काढलं. एकतीस निघाले. एकतीसच्या एकतीस डॉक्टरांचे. तोफा धावत नाहीत, त्यामुळे त्यांना झिजलेल्या पट्टीचं सोयरसुतक नसतं. मग ते हल्ले पोचले असते तर पुढे काय झालं असतं, हे त्याने कलमवार लिहून काढलं. निष्कर्ष बावीस पानांचा झाला. डॉक्टर ज्या लढाया हरले असं एकोणीस वर्षं वहीत लिहिलेलं होतं, त्यांतल्या सात त्यांनी जिंकल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी त्याने पाकीट दवाखान्याच्या दाराखालून आत सरकवलं. दवाखाना जेवणासाठी बंद होता, हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तो दुपारी गेला.

रविवारी डॉक्टर आले नाहीत.

दहाला त्याने दोन कप काढून ठेवले होते. साडेदहाला खिडकीतून खाली पाहिलं. अकराला एक कप परत फडताळात ठेवला, आणि लगेच काढला, कारण ते अपशकुनी वाटलं. शकुनावर त्याचा विश्वास नव्हता, पण त्या दिवशी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. डॉक्टर एकोणीस वर्षांत सहा वेळा चुकले होते, आणि सहाही वेळा आधी सांगून. तारखा वहीत होत्या.

पुढच्या रविवारीही नाही. त्याच्या पुढच्याही. राग येणारच, मोजणीदाराने स्वतःला समजावलं. पट्टी माझी, घर माझं, अध्यक्ष मी. माणूस सात वेळा जिंकला आणि सातही वेळा त्याला मी कमी पडतंय म्हणून सांगितलं. बहिणीने फोनवर विचारलं, भांडलात का. भांडलो नाही, असं तो म्हणाला. मग फोन कर की, ती म्हणाली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्या दोघांनी एकमेकांना कधी फोनच केला नव्हता. करायचा काय म्हणून? रविवार ठरलेला होता.

“अरे, रुसलाय तर जाऊन भेट,” बहीण म्हणाली. “नाहीतर ते टेबल तरी मोकळं कर.”

पाचव्या रविवारी तो एकटाच खेळायला बसला. कलम अठ्ठ्याण्णव: प्रतिपक्ष गैरहजर असल्यास त्याच्या चाली त्याच्या वृत्तीला धरून खेळाव्यात. वृत्तीला धरून म्हणून तो डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसला. उशी मध्ये खोल गेली होती, एका विशिष्ट माणसाच्या मापाची. तिथून त्याचं घर वेगळंच दिसत होतं. भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा दिसत होता, कॅलेंडर नव्हतं. ओट्यावर उपडं घातलेलं एक ताट, एक वाटी, एक भांडं. आणि मुख्य म्हणजे समोरच्या खिडकीतलं ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. नदीपलीकडच्या तोफा त्या उजेडात तरंगत होत्या. त्याने हल्ल्याचा अंदाज केला, साडेसात इंच. पोलादी टेपने मोजलं. सव्वानऊ.

म्हणजे पट्टीचं एक सूत आणि खिडकीचं काय ते वेगळंच. दहा ते एक, एकोणीस वर्षं, जाड चष्म्यावर. त्याने उठून पडदा ओढला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मग डॉक्टरांचे घोडे नीट मोजून पुढे घातले, आणि साडेबाराच्या सुमाराला डॉक्टर जिंकले. दणदणीत जिंकले. मोजणीदाराने हात पुढे केला आणि टेबलापलीकडे कुणी नाही असं पाहून परत घेतला.

त्या आठवड्यात त्याने आठवी आवृत्ती काढली. कलम एकशे सत्त्याऐंशी-अ: पूर्वीचे सर्व निकाल दुरुस्त समजण्यात येतील. ब: प्रत्येक लढाईनंतर बाजू बदलण्यात येईल. क: खिडकीला पडदा राहील. माफी मागायची त्याला दुसरी पद्धत माहीत नव्हती. कार्यालयात चुकीची मोजणी झाली की शुद्धिपत्रक निघतं. कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. दुरुस्तीला बहुमत हवं होतं, पण मतदानाला तो एकटाच हजर होता. मंजूर झाली.

मंजूर झालेली प्रत तीन रविवार टेबलावर पडून राहिली. दवाखान्यात जावं की नाही हे ठरेना. शेवटी त्याने मनोधैर्याचा फासा टाकला. दोन पडला. पुन्हा टाकला, तीन. तिसऱ्यांदा पाच पडला आणि त्याने फोन उचलला. नियमाप्रमाणे फासा एकदाच टाकायचा असतो.

फोन दवाखान्यातल्या मुलीने घेतला. काय त्रास आहे, तिने विचारलं. त्रास सांगायला बावीस पानं लागली होती, म्हणून मोजणीदार म्हणाला, “दाढ.” वरची की खालची? खालची. उजवी की डावी? त्याने जीभ फिरवून बघितली आणि डावी म्हणून सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी पाच चाळीस. दाढ त्याची ठणठणीत होती, निदान त्याचा तसा समज होता.

गुरुवारी तो पाच पंचवीसला पोचला. आठवी आवृत्ती पिशवीत होती. बाहेरच्या बाकावर त्याने सगळं मनात जुळवलं: आधी पट्टीचं सांगायचं, मग खिडकीचं, मग रविवारचं विचारायचं. डॉक्टर चिडलेले असतील तर आवृत्ती नुसती टेबलावर ठेवून यायचं. त्याने तळहात दोनदा पँटला पुसले. समोर बसलेल्या बाईंना वाटलं हा सुईला घाबरतो, आणि त्यांनी त्याला धीर दिला.

डॉक्टरांनी त्याला पाहिलं आणि तोंडावरच्या मास्कमागे बहुधा हसले. “या या. तुमच्याही दाढा किडतात का?” आणि त्याने काही बोलायच्या आत खुर्ची मागे झुकली, दिवा डोळ्यांवर आला, गालात कापसाच्या दोन गुंडाळ्या बसल्या आणि खालच्या ओठाला लाळ ओढणारी नळी टांगली गेली. सगळ्या डावपेचांवर ती नळी पुरून उरली.

डॉक्टर दाढ टोकरत बोलत होते. सून बरी आहे, धाकटी नात चालायला लागली, मोठी दिवसभर किंचाळते, घरात टीव्ही दोन झालेत. मोजणीदार “आं” म्हणत होता. एकोणीस वर्षांत डॉक्टरांनी नात असल्याचंच सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

“चूळ भरा,” डॉक्टर म्हणाले.

मोजणीदाराने चूळ भरली, आणि एवढीच संधी आहे हे ओळखून, कापसाने कोरड्या पडलेल्या जिभेने सगळं एकदम बाहेर काढलं. “डॉक्टर, पट्टी एक सूत आखूड होती.”

“कुठली पट्टी?”

“खेळातली. मी पाकीट टाकलं होतं दाराखालून.”

“ते होय. आहे की.” डॉक्टरांनी खण ओढला. दातांच्या साच्यांखाली पाकीट होतं, जसं टाकलं तसं, चिकटवलेलं. “मला वाटलं तुमच्या नियमांची नवी आवृत्ती आली. ती काही मी वाचत नाही.”

“सातवीसुद्धा नाही?”

“पहिलीसुद्धा नाही. तुम्हाला विचारलं की तुम्ही सांगता.”

मोजणीदाराने सात लढायांचं सांगितलं. एकतीस हल्ल्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी ते हातातला आरसा पुसत नीट ऐकून घेतलं आणि बरं झालं म्हणाले, म्हणजे ज्या सुरात ते कुणाचा अक्कलदाढेचा त्रास थांबला की म्हणत असावेत तसं. मग तुम्ही यायचे का थांबलात, असं मोजणीदाराने विचारलं. ते विचारताना तो खुर्चीत आडवा होता आणि गळ्यात कागदी रुमाल होता, त्यामुळे प्रश्नाला जी उंची हवी ती आली नाही.

“अहो, सांगितलं होतं तुम्हाला,” डॉक्टर म्हणाले. “कोपऱ्यावर नवा पोरगा आलाय दवाखाना थाटून, तो रविवारी उघडा असतो. म्हणून आता आम्हीही उघडा ठेवतो. दहा ते एक. मी म्हटलं, पुढल्या रविवारपासून मला जमायचं नाही. तुम्ही मोजत होतात.”

“मी काय म्हणालो?”

“कमी पडतंय म्हणालात.”

मोजणीदाराने दुसऱ्या एखाद्या वाराचं विचारलं. डॉक्टरांनी मनातल्या मनात आठवडा चाचपला. संध्याकाळी नऊपर्यंत इथेच, सोमवारी नातीची शाळा, बुधवारी गुडघ्याचे व्यायाम. “बघू,” ते म्हणाले. दोनशे चौदा कलमांत या शब्दाची व्याख्या नव्हती, पण तो मोजणीदाराला कळला.

“खरं सांगू का,” डॉक्टर नवा कापूस गुंडाळत म्हणाले, “मला त्यातलं फारसं कळायचं नाही. घोडे सुंदर होते तुमचे. पण मी यायचो ते शांततेला. घरी कलकल, इथे दिवसभर मीच बडबडतो, पेशंट घाबरू नये म्हणून. तुमच्याकडे तीन तास कुणी काही विचारत नाही. हरायचं तेवढं, आणि घरी जायचं.” मग त्यांनी दिवा खाली ओढला. “तोंड उघडा. डाव्या खालच्या दाढेला खरंच कीड आहे. खोल गेलीय. कुणी सांगितलं तुम्हाला?”

कुणी सांगितलं नव्हतं. फासा पाच पडला होता.

रूट कॅनाल करावं लागणार होतं, तीन बैठका. बाहेरच्या मुलीने वही उघडून कुठला वार हवा विचारलं. मोजणीदाराने रविवार सांगितला. पिशवीतली आठवी आवृत्ती त्याने तशीच परत नेली, आणि घरी टेबलावर नदीच्या अलीकडे ठेवून दिली.

पहिल्या रविवारी दहाला गेला. नंबर साडेबाराचा होता, पण दहाला त्याला दुसरीकडे कुठे जायची सवय नव्हती. बाकावर तो बसून राहिला. आत डॉक्टर कुणालातरी सांगत होते की दुखणार नाही. साडेबाराला त्याला आत घेतलं, तोंड उघडायला सांगितलं, आणि डॉक्टर मोठ्या नातीचं सांगू लागले. तिला शाळेत कुणी मैत्रीण नाही म्हणे. मोजणीदाराला उत्तर द्यावंसं वाटलं. गालात कापूस होता.

दुसऱ्या रविवारी डॉक्टर गप्प होते. बहुधा थकले असावेत. पंचवीस मिनिटं दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. फक्त दाढेत सुई घालून काढताना ते मधूनमधून तिच्यावरची खूण बघत आणि मुलीला मिलिमीटर सांगत, ती लिहून घेई. मोजणीदाराला ती पंचवीस मिनिटं फार बरी वाटली. शनिवारी बहिणीने विचारलं, डॉक्टर भेटतात का आता. भेटतात, तो म्हणाला, दर रविवारी. ती म्हणाली, बघ, मी सांगितलं होतं, भांडण बोलून मिटतं.

तिसऱ्या रविवारी डॉक्टरांनी दाढेवर आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकलं आणि दुखतं का विचारलं. मोजणीदार दुखतं म्हणाला. त्यांनी पुन्हा ठोकलं. इथे? दुखतं. अजून एखादी बैठक लागेल का, असंही त्याने विचारलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो उजेडासमोर धरला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.

दाढ पूर्ण बरी झाली होती.